परमुलखातला शिकारी आणि माळावरचा पक्षी

अमेरिकेच्या आग्नेय टोकाला असलेल्या फ्लोरिडा राज्यात मार्च महिना लागतो, आपल्याकडे शिमग्याची चाहूल लागलेली असते त्या सुमारास, दूरदूरच्या राज्यांतले शिकारी घरदार मागे ठेवून, मोटारीत बंदुका, तंबू आणि शिधा भरून तेथे मुक्कामाला येऊ लागतात. आणि वसंत ऋतू जसजसा उत्तरेकडे सरकतो तसतसे त्यांतले कित्येक जण टेक्सासच्या खुरट्या रानांकडे, तेथून रॉकी पर्वताच्या उतारांकडे आणि मे महिन्यात थेट कॅनडाच्या सरहद्दीलगतच्या जंगलांकडे वळतात. हा सारा खटाटोप एका पक्ष्यासाठी चालतो. तो पक्षी म्हणजे रानटी टर्की. नाशिकच्या वाचकाला हा व्यवहार परका आणि दूरचा वाटेल. परंतु टर्कीहूनही थोर अशा एका पक्ष्यासाठी आपल्याच दख्खनच्या माळांवर परमुलखातले बंदूकधारी एके काळी याच हौसेने उतरत असत, आणि त्या दोन पक्ष्यांच्या नशिबी पुढे जे आले ते इतके भिन्न आहे, की एकाची हकिकत समजून घेतल्यावाचून दुसऱ्याच्या ऱ्हासाची कारणे नीट उलगडत नाहीत.

टर्कीसाठी माणसे इतका प्रवास का करतात, हे प्रथम सांगितले पाहिजे. या पक्ष्याच्या ज्या चार पोटजाती अमेरिकेतील शिकारी मोजतात त्या एका ठिकाणी सापडत नाहीत. पूर्वेकडच्या अरण्यांतली पोटजात निराळी, टेक्सासकडील रिओ ग्रांदे निराळी, पश्चिमेच्या पर्वतांतली मेरियमची निराळी. आणि ऑसिओला नावाची चौथी तर फ्लोरिडाच्या द्वीपकल्पाबाहेर कोठेच आढळत नाही. या चारही पोटजातींचा एकेक नर मिळवणे हा तेथील शिकाऱ्यांत मोठा मान समजला जातो, आणि जन्मभर एकाच गावात राहून तो मिळणे अशक्य असल्याने त्यांना घर सोडावेच लागते. पूर्ण वाढलेला नर आठ-दहा किलो वजनाचा असतो. त्याची पिसे उन्हात तांब्यासारखी झळाळतात, छातीवर केसांसारखा एक झुबका लोंबतो, आणि उघडे डोके त्याच्या चित्तवृत्तीप्रमाणे लाल, पांढरे आणि निळे होत असते. गंध त्याला फारसा कळत नाही. परंतु त्याची दृष्टी मात्र अतिशय तीक्ष्ण असून दिवसाउजेडी किंचित हालचालही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

त्यामुळे ही शिकार पाठलागाची नसून बैठकीची असते. टर्की रात्री उंच झाडावर झोपतो. शिकारी पहाटेच्या काळोखात रानात शिरतो आणि घुबडासारखा घूत्कार करतो. तो ऐकून झाडावरचा नर आवेशाने ओरडून उत्तर देतो आणि आपली जागा स्वतःच सांगून बसतो. मग शिकारी एखाद्या रुंद बुंध्याला पाठ लावून, चेहऱ्यावर जाळी ओढून, गुडघ्यावर बंदूक टेकवून निश्चल बसतो आणि पाटीच्या तुकड्यावर लाकडी काडी घासून मादीचा मंद आवाज काढतो. सृष्टिक्रमात मादीने नराकडे जावयाचे असते. येथे नराला मादीकडे बोलावले जाते, म्हणून तो साशंक होतो, चार पावले येतो, थांबतो, पिसारा फुलवतो आणि पुन्हा ऐकतो. असा तास-दीड तास निघून जातो, आणि पुष्कळदा पक्षी आल्या पावली परत फिरतो. सर्वच शिकारी झाडांआड लपून मादीचा आवाज काढीत असल्याने एकाने दुसऱ्यालाच टर्की समजून गोळी घातल्याच्या दुर्घटना तेथे घडल्या आहेत, आणि म्हणूनच नराच्या डोक्याचे तिन्ही रंग, लाल, पांढरा आणि निळा, शिकाऱ्याने अंगावर मुळीच घालू नयेत असे तेथे बजावून सांगितले जाते.

हा पक्षी आपल्याकडे पिंजऱ्यातला म्हणून फार पूर्वी आला. मेक्सिकोत माणसाळलेला टर्की सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो गोव्याच्या बंदरात उतरला. १६१२ साली सरदार मुकर्रबखानाने बादशहा जहांगीरसाठी गोव्याहून ज्या दुर्मिळ चिजा नेल्या त्यांत एक टर्की होता. बादशहाला त्याचा इतका अचंबा वाटला, की त्याने आपल्या आठवणींत त्याच्या रंग बदलणाऱ्या डोक्याचे वर्णन तर लिहिलेच, शिवाय दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून त्याचे चित्रही काढून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

परंतु बादशहाने परदेशी पक्ष्याचे जे कौतुक केले, त्याहून अधिक कौतुकाचा पक्षी त्याच्याच साम्राज्याच्या माळांवर वावरत होता, आणि तो त्याच्या पणजोबाला ठाऊक होता. बाबराने आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की काही पक्ष्यांच्या तंगडीचे मांस रुचकर असते तर काहींच्या छातीचे, परंतु खरचल नावाच्या या पक्ष्याच्या मात्र सर्वच अंगांचे मांस स्वादिष्ट असते. हा खरचल म्हणजे आपला माळढोक.

माळढोकाचा नर मीटरभर उंच आणि वजनाने कधी पंधरा किलोपर्यंत भरतो, आणि उडू शकणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार पक्षी जगात मोजकेच आहेत. मान पांढरट, माथ्यावर काळी टोपी, पाठ तपकिरी, आणि नराच्या छातीवर आडवा काळा पट्टा असे त्याचे रूप असते. त्याच्या पायाला मागचे बोट नसते, त्यामुळे त्याला झाडाच्या फांदीवर बसता येत नाही. टर्कीला रात्रीसाठी जो आसरा झाडावर मिळतो तो याला नाही, आणि जन्मापासून मरणापर्यंत त्याचा सारा संसार उघड्या जमिनीवर चालतो. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे आणि भुईमुगाच्या शेंगा हे त्याचे खाद्य. पावसाळ्याच्या सुमारास नर वर्षानुवर्षांच्या ठरलेल्या जागी उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवून जवळजवळ जमिनीपर्यंत सोडतो, शेपूट पाठीवर उलटी टाकतो आणि असा काही खोल, घुमणारा हुंकार देतो, की तो माळावर दूरवर ऐकू जातो. आणि आता या सर्व कथेचे जे मर्म आहे ते सांगतो: टर्कीची मादी एका वेळी दहा-बारा अंडी घालते, माळढोकाची मादी बहुधा एकच घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि सत्तावीस दिवसांच्या आसपास ते उबवीत बसते. त्या एका अंड्यावरून कोल्ह्याची, मुंगसाची आणि कावळ्याची नजर चुकली आणि मेंढरांचे खूर टळले, तरच त्या वर्षी तिचा वंश वाढतो.

अशा पक्ष्यावर परमुलखातला शिकारी येऊन पडला. १८०३ साली अहमदनगरचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे पेशवाई बुडाल्यावर सारा दख्खन कंपनीच्या अंमलाखाली आला. छावण्यांतून आणि कचेऱ्यांतून जे अंमलदार येथे येऊन राहिले त्यांच्या रिकामपणाचा मुख्य उद्योग शिकार हाच होता. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात नगरच्या मुलखात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. वीस वर्षांचा हिशेब केला तर दर आठवड्याला जवळजवळ एक पक्षी पडत होता. मुंबई सरकारसाठी दख्खनची खानेसुमारी आणि पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्सनेही हा पक्षी येथे विपुल असल्याचे सांगून, एका गृहस्थाने हजार माळढोक मारल्याचे लिहून ठेवले आहे. या नोंदी वाचताना एक गोष्ट मनाला लागते. शिकारी आपल्या हाताने पडलेले पक्षी काटेकोरपणे मोजीत होता. पण माळावर किती उरले आणि त्या वर्षी किती अंडी फुटली याची मोजदाद कोणीही करीत नव्हते. ज्या मुलखात आपल्याला उरायचे नाही, त्या मुलखाची शिल्लक पाहण्याचे कारणही त्याला वाटले नाही.

माळढोक मारणे सोपे होते असे मात्र कोणी समजू नये. उघड्या माळावर लांबून माणूस दिसताच तो पाठ फिरवून चालू लागतो आणि बंदुकीच्या टप्प्यात येऊ देत नाही. परंतु शेतकऱ्यांच्या बैलगाड्या त्याच्या रोजच्या ओळखीच्या होत्या आणि त्यांचे त्याला भय वाटत नसे. ही गोष्ट ध्यानात घेऊन साहेब गाडीवर पांघरूण घालून आत दडून बसे किंवा गाडीच्या आडोशाने चाके धरून चालत राही, आणि गाडीवान गाडी सरळ पक्ष्याकडे न हाकता त्याच्याभोवती मोठे वळण घेत, दर फेऱ्याला ते थोडेथोडे लहान करीत नेई. पक्षी बैलांकडे पाहत उभा राही. मोटारी आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या आल्यावर हीही तपश्चर्या उरली नाही. माळावर जीप कोठेही धावू शकते, आणि जड देहाचा माळढोक तिच्यापुढे फार काळ टिकू शकत नाही.

येथे स्थानिक शिकाऱ्यांविषयी दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण वन्य प्राण्यांच्या ऱ्हासाचा दोष त्यांच्याच माथी मारण्याची सोयीस्कर रीत आपल्याकडे पडलेली आहे. फासेपारधी तितर आणि लाव्हे फाशांत पकडीत. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या आवाजाने रानटी तितरांना बोलावण्याची त्यांची युक्ती टर्कीच्या शिकाऱ्याच्या पाटी-काडीइतकीच कसबाची होती. गायपारधी तर शिकवून तयार केलेल्या गाईच्या आडोशाने हरणांपर्यंत पोचत, आणि साहेबाच्या बैलगाडीमागचे तत्त्व यांना पिढ्यान्पिढ्या अवगत होते. हे लोक पोटासाठी शिकार करीत. त्यांच्या हातात फास असे, काडतूस नसे. ज्या राजवटीच्या अंमलदारांनी हौसेखातर शेकडो पक्षी पाडले, तिनेच १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पारध्यांवर पुढे त्याचा शिक्का बसला. तो शिक्का कायद्यातून पुसला गेला १९५२ साली. लोकांच्या मनातून तो अजून पुरता गेलेला नाही.

अमेरिकेतही प्रारंभीची शतके याहून निराळी नव्हती. बाजारात विकण्यासाठी टर्की बेसुमार मारले गेले, शेतीसाठी अरण्ये तोडली गेली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कित्येक राज्यांतून तो पक्षी पार नाहीसा झाला होता. पुढे जे घडले त्याची कारणे मात्र लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहेत. प्रत्येक राज्याने हंगाम ठरवले, परवाने लावले, वसंतात नराचीच शिकार करता येईल असा निर्बंध बहुतेक ठिकाणी घातला. एक नर अनेक माद्यांशी जुगत असल्याने काही नर गेले तरी अंड्यांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही, हा त्यामागचा विचार. परराज्यातून येणाऱ्या शिकाऱ्याला परवान्यासाठी स्थानिकापेक्षा पुष्कळ अधिक शुल्क भरावे लागते, आणि मारलेल्या पक्ष्याची वर्दी बहुतेक राज्यांत सरकारी खात्याकडे द्यावी लागते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसे यांवरील अबकारी कर, लांब नळीच्या बंदुकांवर ११ टक्के, वन्यजीवांच्या रक्षणासाठी राज्यांना बांधून दिला. याच काळात पूर्वेकडील ओसाड पडलेल्या शेतांवर पुन्हा जंगल उभे राहिले, आणि हे घडले नसते तर नुसत्या कायद्याचा काही उपयोग झाला नसता. आज अलास्का सोडून उरलेल्या ४९ राज्यांत मिळून टर्कींची संख्या साठ लाखांच्या आसपास आहे. आग्नेयेकडील काही राज्यांत ती पुन्हा घटू लागल्याने तेथील खाती हंगाम आखडून घेत आहेत. म्हणजे मोजदाद चालू आहे.

आपल्याकडे कायदे आले, पण ते आले ते अर्धेमुर्धे आणि उशिरा. १८८७ चा कायदा विणीच्या हंगामातल्या पक्ष्यांच्या विक्रीपुरताच होता; १९१२ च्या कायद्यानेही व्याप्ती फार वाढली नाही; मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा त्या मानाने व्यापक म्हणावा लागेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकाला पहिल्या परिशिष्टात घातले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची पद्धतच संपुष्टात आणली. तेव्हा आज नाशिकचा मनुष्य हौसेखातर साधा तितरही कायदेशीरपणे मारू शकत नाही. हे योग्यच झाले. ज्याची मादी एकच अंडे घालते त्या पक्ष्याला शिकारीच्या परवान्यांवर जगवता आले असते असे मला वाटत नाही. अमेरिकेचा नमुना दहा अंड्यांच्या पक्ष्याला मानवला, म्हणून तो सर्वांना लागू करू पाहणे ही चूक ठरेल.

परंतु बंदूक थांबली तरी माळढोक वाचला नाही, याचे कारण जमिनीत आहे. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावर हा पक्षी आहे हे लोकांच्या नजरेस आणून दिले, आणि १९७९ साली सोलापूर व नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. आकडा पाहून छाती दडपते. पण या क्षेत्रात गावे, तालुक्यांची ठिकाणे, बाजारपेठा आणि खाजगी शेते अशी सर्वच आली होती, आणि खरा गवताळ माळ त्यात तुकड्यातुकड्यांनीच होता. जमिनीच्या व्यवहारांना अडथळे येऊ लागले, शेतकऱ्यांना त्या पक्ष्याचे नाव नकोसे झाले, आणि अनेक वर्षांच्या वादानंतर क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान कालव्यांचे पाणी आले. ज्वारी, बाजरी आणि भुईमूग जाऊन तेथे उभा ऊस आला, ज्यात माळढोकाला शिरता येत नाही आणि पलीकडचे दिसतही नाही. सरकारी खात्यांनी सद्हेतूने गवताळ माळांवर झाडे लावली. त्याने माळाचा माळपणाच गेला. आपल्या महसुली दप्तरांत अशा जमिनीला पडीक आणि पोटखराब असे शेरे आहेत, आणि ज्या जमिनीवर निसर्गाने जगातला एक सर्वांत वजनदार उडणारा पक्षी जगवला ती सरकारदरबारी निरुपयोगी ठरत आली आहे, याचे मला मनापासून दुःख होते. उरलेसुरले काम विजेच्या तारांनी केले. माळढोकाची नजर बाजूंना चांगली, समोरची मात्र अरुंद. तार दिसेपर्यंत ती अगदी जवळ येते, आणि इतक्या जड पक्ष्याला ऐनवेळी वळता येत नाही.

नाशिक जिल्ह्यात या विषयाचे दोन धडे पाहावयास मिळतात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, निफाड तालुक्यात, १९०७ ते १९११ च्या दरम्यान बांधलेल्या नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून जी पाणथळ तयार झाली, ती १९८६ साली अभयारण्य झाली आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. थंडीच्या दिवसांत पहाटे नाशिकहून निघालेल्या गाड्या चापडगावच्या बाजूला जाऊन थांबतात. त्यांतून उतरणाऱ्यांच्या हातांत दुर्बिणी असतात, आणि चक्रवाक, थापट्या, तलवार बदक आणि वारकरी यांच्या थव्यांकडे पाहत ते उन्हे चढेपर्यंत उभे असतात. गावची तरुण मंडळी त्यांना वाटाडे म्हणून पक्षी दाखवतात. परगावाहून येणाऱ्याने मुलखाला काही देऊन जावे, ही टर्कीच्या परवान्यामागची कल्पना येथे बंदुकीवाचून प्रत्यक्षात आली आहे. दुसरा धडा येवला तालुक्यातल्या ममदापूर-राजापूरच्या माळाचा. तेथील काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र झाल्यामुळे गवताळ माळाचा एक मोठा तुकडा जिल्ह्यात शिल्लक आहे, आणि पाणथळीकडे जाणाऱ्या हौशी मंडळींची वाट अजून त्याच्याकडे फारशी वळत नाही. गवताकडे पाहण्याची आपल्याला सवयच नाही.

माळढोक आज देशात दीडशेच्या आसपास उरले असून बहुतेक सर्व राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत. १९६३ साली राष्ट्रीय पक्षी ठरवताना ज्या पक्ष्याचे नाव डॉ. सालिम अली यांनी पुढे केले होते त्याची ही अवस्था आहे. २०१९ पासून सम येथील केंद्रात रानातली अंडी आणून उबवली जात आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लूही जन्माला आले. हे शास्त्रज्ञांचे यश मोठे आहे. परंतु टर्कीच्या इतिहासातला एक प्रसंग त्यांच्याही नजरेसमोर असेल. अमेरिकेने प्रथम पिंजऱ्यांत वाढवलेले टर्की हजारोंनी रानात सोडले, आणि ते प्रयोग बहुतेक फसले, कारण आईच्या मागे चालत शत्रू ओळखायला, अन्न हुडकायला आणि रात्री आसरा शोधायला ते शिकलेच नव्हते. पुढे रानटी पक्ष्यांवर जाळी टाकून ते पकडण्याची आणि नव्या रानात नेऊन सोडण्याची रीत सापडली तेव्हा कार्य सिद्धीस गेले. माळढोकाच्या बाबतीत पकडून नेण्याजोगे रानटी पक्षी उरलेलेच नाहीत, म्हणून केंद्रातल्या पिल्लांना माणसाची सवय न लागू देता माळाची सवय लावणे हाच मार्ग राहतो. आणि ती तयार होतील त्या वर्षी त्यांना सोडण्यासाठी तारा, ऊस आणि लावलेली झाडे यांपासून मोकळा, गावकऱ्यांनी आपखुशीने राखलेला माळ हवा. महाराष्ट्रात नान्नजला आणि अशाच काही गायरानांत तो करता येईल, मात्र त्यासाठी गायरानांची मोजणी, अतिक्रमणांचा निवाडा आणि दप्तरातले शेरे दुरुस्त करणे ही कामे आतापासून तहसील कचेऱ्यांतून सुरू व्हावयास हवीत.